शनिवारचा पेशंट

नाटकात मरायचं म्हटलं तर अख्ख्या लालबाग-परळमध्ये माझ्याइतकं झकास कोणी मरत नाही. इतकं झकास मरतो, की खरोखरचा मरायला लागलो तेव्हा माझ्या पोटच्या पोरीनेच सगळ्यांना माझ्याकडे पाठ करून उभं केलं आणि गाणं म्हणायला लावलं.

ही साक्ष आहे. आमच्या ख्रिस्ती लोकांत देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगतात, त्याला साक्ष बोलतात. मी आजपर्यंत कधी दिली नाही. दुसरे लोक उभे राहिले की मी मागच्या बाकावर टेम्पोची चावी बोटात फिरवत बसायचो. एकाला नोकरी लागली, एकीचा मुतखडा पडला, आणि मी मनात बोलायचो, देवाला दुसरी कामं नाहीत काय. आता माझ्यावर पाळी आलीय आणि मला कळतंय की मुतखडेवालीला उभं राहायला किती लाज वाटली असेल. माझी गोष्ट तर तिच्यापेक्षा लाजेची आहे. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, ते पण खिचडी मिळायची म्हणून. त्याच्यामुळे लिहिणं माझं काम नाही, बोललो तसं उतरवून घेतलंय.

मी लालबागच्या मसाला गल्लीत टेम्पो चालवतो. मिरची, धणे, तयार मसाला, सगळी पोती इकडून तिकडे. अंगाला मिरचीचा वास कायमचा. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच बोलतो, माझ्या बाजूला बसणारा माणूस प्रार्थनेत हमखास शिंकतो. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, एकदा बोलले, तुझ्यामुळे मंडळीच्या डोळ्यांत पाणी येतं, उपदेशामुळे येत नाही. आणि देवाशी माझं बोलणं म्हणजे मस्करी. देवा, आज पार्किंग दे, दोन रविवार उपदेशात झोपणार नाही. देवा, मालक चिडलाय, त्याचा जरा घसा बसव. वडील गेल्यावर रडायच्या वेळेला पण मी शवपेटी उचलणाऱ्यांना बोललो होतो, सांभाळून, म्हाताऱ्याला धक्के आवडत नाहीत. लोक हसले. मला बरं वाटलं. हसवलं की आपल्याला काही होत नाही, असा माझा समज.

माझी पोरगी एस्तेर. ती आमच्या मंडळीच्या मुलींच्या दलात आहे. दल म्हणजे स्काऊटसारखंच, फक्त मुलींचं आणि देवळातलं. निळा ड्रेस, गळ्यात पांढरा स्कार्फ, कमरेला पट्टा, पट्ट्याला शिट्टी. दर शनिवारी दुपारी देवळाच्या बाजूच्या हॉलमध्ये पोरी जमतात. आधी झेंडा, मग प्रार्थना, मग कवायत, मग दोरीच्या गाठी, तंबू ठोकणं, कोणाला लागलं खुपलं तर काय करायचं ते शिकणं. ख्रिस्तीच पाहिजे असं काही नाही, आजूबाजूच्या चाळींतल्या पोरी पण येतात. सगळ्यांच्या वर मार्थाताई. ताई शाळेत शिकवतात. त्यांचा आवाज असा की शिट्टी लागत नाही, तरी वाजवतात. एस्तेरने ज्या दिवशी तीन बोटं वर करून दलाचं वचन घेतलं, त्या दिवशी घरी येऊन मला बोलली, "पप्पा, आता मी दलाची आहे."

मी बोललो, "मग आमची कधी?"

"तुमची पण आहे. पण शनिवारी नाही."

घरात ती माझ्यासारखीच बडबडी. पण हॉलमध्ये शिरली की पाठ सरळ, आवाज खाली, छोट्या पोरींचे स्कार्फ नीट करणार, कोणाची चप्पल तुटली तर आपली देणार. आमच्या एका खोलीच्या घरात तिला स्वतःचा असा कोपरा नाही. तिचा कोपरा म्हणजे तो हॉल. गेल्या वर्षी ती तिच्या गटाची नायिका झाली तेव्हा तिच्या आईने इस्त्री करून करून तो ड्रेस पातळ केला.

आता पेशंटचं काम मला कसं लागलं ते ऐका. मी एकदा टेम्पोतून हॉलच्या खुर्च्या आणून टाकल्या आणि दम खात बसलो होतो. पोरी एका उशीला बँडेज बांधत होत्या. मार्थाताई बोलल्या, उशीला दुखत नाही, म्हणून ह्या पोरी कशाही आवळतात, जिवंत माणूस पाहिजे. आणि त्यांनी हॉलभर नजर फिरवली. जिवंत आणि बिनकामाचा असा मी एकटाच होतो.

तेव्हापासून मी शनिवारचा पेशंट. ताई कानात सांगायच्या, आज झाडावरून पडलात, आज शॉक लागलाय, आज छातीत दुखतंय. मी सतरंजीवर पडायचो आणि पोरी माझ्यावर काम करायच्या. दोन बांबू, दोन चादरी घेऊन स्ट्रेचर करायच्या, मला उचलून हॉलला चक्कर मारायच्या. पेशंटचं काम एकच असतं. पडून राहायचं. पण नेमकं तेवढंच मला जमेना. पाय मोडलेला असला तरी मी उचलताना एका हाताने जमिनीला रेटा द्यायचो, म्हटलं पोरींना जड होईल. बेशुद्ध असताना सूचना द्यायचो. आणि मरायचं असलं की मग काय. गॅलरीतून पडलेल्या माणसासारखे हातपाय झाडायचो, छाती धरायचो, बोलायचो, "खरं सांगतो ताई, ह्या वेळेला खरं आहे, माझा टेम्पो गल्लीतल्या बोक्याला द्या." मग जीभ बाहेर. पोरी पोट धरून हसायच्या. पट्ट्या सुटायच्या, स्ट्रेचर वाकडं व्हायचं.

मार्थाताईंनी पुष्कळ सहन केलं. शेवटी त्यांनी एक नियम काढला. काकांनी नाटक सुरू केलं की गटनायिकेने बोलायचं, "पाठ फिरवा." मग सगळ्या पोरींनी माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि स्तुतीचं गाणं म्हणायचं, मी कंटाळून उठेपर्यंत. बघणाराच नसला तर नाटक कोणासाठी करणार. ताईंचं डोकं चाललं खरं. मी दुसऱ्या कडव्याला उठून बसायचो आणि मिरची लागल्यासारखा शिंकायचो. दलातल्या सगळ्या पोरींना हा नियम पाठ. नवीन पोरगी आली की तिला आधी झेंडा कसा बांधायचा ते शिकवायच्या आणि मग माझ्याकडे पाठ कशी फिरवायची ते.

त्या शनिवारी सकाळपासून माझा जबडा दुखत होता. डावा खांदा पण. मला वाटलं गॅस. सोडा प्यालो, ढेकर आला, मी गॅसला शिव्या घातल्या. बायकोने विचारलं चेहरा असा का, मी बोललो, देवाने असाच दिलाय, तुझ्या बापाने बघून पसंत केला होता. हॉलवर गेलो. पोरींची प्रथमोपचाराच्या बिल्ल्याची परीक्षा जवळ आली होती, सगळ्या गंभीर. भिंतीजवळच्या बाकावर एक अनोळखी पोरगी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. हॉलमध्ये चित्रकलेचा क्लास पण असतो, पण दुसऱ्या वारी, ती वार चुकून शनिवारी आलेली. आई घ्यायला येईपर्यंत बस, असं ताईंनी तिला सांगितलं होतं. ती चिक्की खात होती. मी तिला बघून भुवया उडवल्या. ती हसली नाही.

ताई कानात बोलल्या, "आज छातीत दुखतंय. आणि काका, परीक्षा जवळ आलीय, आज माणसासारखं मरा."

मी सतरंजीवर पडलो आणि खरंच छातीत दुखायला लागलं. पहिल्यांदा मला हसूच आलं, की बघा, किती मनापासून काम करतोय. मग असं वाटलं की कोणीतरी पोत्यावर पोतं रचावं तसं छातीवर रचतंय, आणि उतरवून घेणारा कोणी नाही. घाम सुटला. मी एस्तेरकडे बघून बोललो, "खरं सांगतो, ह्या वेळेला खरं आहे." तेच शब्द. माझ्याकडे दुसरे शब्दच नव्हते. जन्मभर मस्करीत वापरून ठेवलेले, खऱ्या वेळेला शिल्लक काही नाही. पोरी हसल्या. मी हात वर केला, तो खाली पडला. परत हसल्या. एस्तेरने कपाळावर आठी घातली. परीक्षा तिच्या गटाची होती, बाप तमाशा करत होता.

ती बोलली, "पाठ फिरवा."

आणि सगळ्या फिरल्या. एकदम, कवायतीत फिरतात तशा. माझ्यासमोर नुसत्या पाठी. निळे ड्रेस, पांढऱ्या स्कार्फची मागची टोकं, वेण्या. मार्थाताईंची पण पाठ, कारण नियम त्यांचाच. मधोमध माझ्या पोरीची पाठ, सरळ, तिच्या आईने घातलेली घट्ट वेणी. गाणं सुरू झालं. चांगलं गातात पोरी. मला ओरडायचं होतं, पण घशातून घुरघुर आली, आणि ती घुरघुर मी दर शनिवारी काढत होतोच.

तेव्हा मी देवाला हाक मारली. पहिल्यांदा सरळ मारली. देवा, नाटक नाही. आणि लगेच माझ्या मनात आलं की त्याने पण पाठ फिरवली असणार. का नाही फिरवणार, त्याच्याशी पण मी दुसरं काय केलं होतं. छातीपेक्षा ते जास्त दुखलं, हे मी साक्षीत सांगतोय, मस्करीत नाही. माणसाने मरताना एकटं असावं हे मी समजू शकतो. पण स्तुतीचं गाणं चालू असताना, वीतभर अंतरावर आपली माणसं असताना एकटं असणं, ते मी कोणाला समजावू शकत नाही.

त्या सगळ्या पाठींच्या पलीकडे, फटीतून, मला एक तोंड दिसलं. बाकावरची पोरगी. तिला नियम माहीत नव्हता, तिला कोणी पाठ फिरवायला शिकवलं नव्हतं. ती चिक्की खायची थांबून माझ्याकडे बघत होती. देवाचं तोंड कसं असतं ते मला ठाऊक नाही. मला शेवटचं जे तोंड दिसलं त्याच्या ओठाला गुळाचा तुकडा चिकटला होता. त्याच्यानंतर मला काही माहीत नाही.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं, तुकड्या तुकड्यांनी, आणि प्रत्येकाने सांगताना एक जागा गाळली. ती जागा मला शेवटी मार्थाताईंनी सांगितली, ती पुढे येईल. ती पोरगी बाकावरून उठली, पोरींच्या रांगेतून आत आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि ताईंचा पदर ओढून बोलली, "टीचर, ह्या काकांनी शू केली."

पोरी हसल्या. एवढं हसल्या की गाणं विस्कटलं.

तर ती परत बोलली, त्याच आवाजात, "नाटकात कोणी खरी शू करत नाही. माझ्या आजोबांनी पण केली होती. मग ते उठले नाहीत."

ताई वळल्या. माझी पँट भिजली होती, सतरंजी भिजली होती, तोंड निळं. ताई सांगतात, त्यांच्या हातातली शिट्टी कुठे पडली ते त्यांना कळलं नाही. त्या गुडघ्यावर बसल्या आणि माझ्या छातीवर दाबायला लागल्या, जसं पोरींना शिकवलं होतं तसं. एक पोरगी धावत हॉस्पिटलच्या गेटवर गेली. परळमध्ये एवढं एक सुख आहे, मरायला लागलात तर हॉस्पिटल हाकेवर. बाकीच्या पोरी आळीपाळीने दाबत होत्या, मोठ्याने आकडे मोजत, रडत, पण आकडा न चुकवता. कालपर्यंत माझ्या पायाची पट्टी नीट बांधता येत नव्हती त्यांना. माझ्या दोन बरगड्या मोडल्या. डॉक्टर नंतर बोलले, बरगड्या मोडल्या म्हणजे नीट दाबलं.

आणि गाणं थांबलं नव्हतं. हीच ती गाळलेली जागा. सगळ्या वळल्या, माझी एस्तेर वळली नाही. ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी होती आणि एकटी गात होती. ताईंनी दोनदा हाक मारली. तिला ऐकू येत होतं, पण तिला वळता येत नव्हतं आणि थांबता येत नव्हतं. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी मला उचलून नेलं तरी ती गात होती. मग एका पोरीने जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

माझ्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. शुद्धीवर आल्यावर बायकोने झालेलं सांगितलं, तेव्हा पहिला विचार पँटीचाच आला, आणि दुसरा पण. एवढ्या पोरींसमोर, देवळाच्या हॉलमध्ये. पाळकसाहेब भेटायला आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि बोलले, देवाने तुझ्यासाठी दूत पाठवला. मी बोललो, साहेब, दूताने दुसरी काही बातमी आणली असती तर चाललं असतं. ते हसले. मग मी एकटा पडलो, वरती पंखा फिरत होता, आणि मला रडू फुटलं. लोकांसाठी देव केवढं काय काय करतो. माझ्यासाठी त्याला काही सापडलं नसेल. माझे हात, पाय, जीभ, आवाज, सगळं खोटं बोलून चुकलेलं. ज्याच्यावर माझा ताबा नाही असं एकच काही माझ्याकडे खरं उरलं होतं, आणि त्याने तेच वापरलं. मी ह्याच्यावर वाद घालत नाही. डॉक्टर बोलतात, अशा वेळेला होतं तसं. होत असेल. पण बघणारी पोरगी वार चुकून यावी, तिने आजोबांना बघितलेलं असावं, हे पण झालं.

घरी आल्यावर ती पोरगी तिच्या आईबरोबर मला बघायला आली. नाव संघमित्रा. नायगावच्या चाळीत राहतात, बौद्ध मंडळी. तिची आई कुरिअरच्या ऑफिसात कामाला आहे. बायकोने त्यांच्यासमोर चहा, बिस्किटं, चिवडा, जे घरात होतं ते सगळं मांडलं आणि बोलली, "ताई, देवानेच धाडलं हो तुमच्या पोरीला."

संघमित्राची आई बोलली, "आम्ही देव मानत नाही हो वहिनी. पण तुमचे मिस्टर बरे झाले, बरं वाटलं बघून. पोरीला मी एवढंच शिकवलंय, डोळे उघडे ठेवायचे."

मी पोरीला बोललो, "तू मला वाचवलंस."

"मी नाय. मी फक्त बोलले की तुम्ही शू केली."

"ते सगळ्यांना सांगायची काय गरज होती?"

"मग कोणाला सांगू? तुम्ही तर ऐकत नव्हता."

एस्तेर स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं हसेल. ती संघमित्राकडे बघत होती, जिने पाठ फिरवली नव्हती तिच्याकडे, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते देवाला पण दिसू नये असं मला वाटलं.

कारण माझं काही बाकी नव्हतं, मी वाचलो होतो. अडकली होती ती. तिने दलाचा ड्रेस घडी करून कपाटात सगळ्यांत खाली, जुन्या चादरींच्या खाली ठेवला होता. शनिवार आला की ती घरातले डबे काढून घासत बसायची. मार्थाताई आल्या, तर ही गॅलरीतून बाजूच्यांकडे निघून गेली. रविवारी देवळात ते गाणं सुरू झालं की उठून बाहेर. गटातल्या पोरी दारात येऊन हाका मारून गेल्या. आणि घरात मी दुपारचा पडलो, डोळे मिटले, की लगेच हाक.

"पप्पा."

"काय गं?"

"काय नाय. बोला काहीतरी."

म्हणून मी बोलत राहायचो. गल्लीतल्या बोक्याच्या गोष्टी, मालकाच्या घशाच्या गोष्टी. ती ऐकायची, हसायची नाही, फक्त आवाज चालू आहे ना बघायची. मी बोलता बोलता झोपलो की परत हाक. एकदा मी तिला सरळ बोललो, "अगं, चूक माझी होती, नियम ताईंचा होता, तू काय केलंस?"

ती बोलली, "मी पाठ फिरवा बोलले."

"ते तर तू दर शनिवारी बोलायचीस."

"मला तुमचा आवाज वेगळा वाटला होता, पप्पा. तरी बोलले."

ह्याच्यावर माझ्याकडे जोक नव्हता. चाळीत, गल्लीत, देवळात, पोलिस चौकीत पण माझी बडबड चालली, पण माझ्या घरात माझ्या पोरीसमोर माझं सगळं दुकान बंद पडलं. त्या दुपारी मी दुसऱ्यांदा सरळ प्रार्थना केली. देवा, मला वाचवलंस, उपकार झाले, पण मी मागितलं नव्हतं तसं. हे मागतोय. पोरीला तिचा हॉल परत दे. कसं ते मला सुचत नाही. मी उचलायला गेलो की रेटा देतो आणि वाकडं करतो. ह्या वेळेला मी हात लावत नाही.

उत्तर काही आलं नाही. संघमित्रा आली. तिने दलात नाव घातलं होतं. तिच्या आईने सांगितलं, प्रार्थनेच्या वेळेला ती गप्प उभी राहील, बाकी सगळं करील, आणि ताईंनी होकार दिला. ड्रेस मोठा, स्कार्फ गुडघ्यापर्यंत आलेला. दारातून बोलली, "काका, पुढे ढकललेली बिल्ल्याची परीक्षा ह्या शनिवारी आहे. पेशंट नाहीये. ताई बोलल्या तुम्हाला सांगायचं नाही. म्हणून मी सांगतेय."

शनिवारी मी शर्ट चढवला आणि बोललो, जरा देवळापर्यंत जाऊन येतो. मी एकटा जाणार म्हटल्यावर एस्तेरच्या हातातला डबा थांबला. मला एकटं सोडणं तिला त्या दिवसांत जमतच नव्हतं. ती घरच्या कपड्यांत मागोमाग आली, पायऱ्या उतरताना, रस्ता ओलांडताना, माझ्या दोन पावलं मागे. हॉलच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबली.

मार्थाताई मला बघून चिडल्या. "काका, घरी जा. मी तुम्हाला परत सतरंजीवर घेणार नाही." मी मस्करी केली नाही. ताईंना तेच विचित्र वाटलं असावं. मी चप्पल काढली आणि सतरंजीवर आडवा झालो. नवीन सतरंजी होती. जुनी कुठे गेली ते मी विचारलं नाही.

कोणी जवळ येईना. एवढ्या हसऱ्या पोरी, पट्ट्या हातात घेऊन भिंतीला टेकून उभ्या. मग संघमित्रा आली, माझ्याजवळ बसली आणि माझा हात गळ्यात अडकवायची झोळी बांधायला लागली. तिला गाठ येत नव्हती. ती चुकीची टोकं एकमेकांवरून घेत होती, सुटत होती, परत घेत होती. मी बघत होतो. मला ती गाठ येते, किती वर्षं माझ्यावर बांधलीय. माझी बोटं शिवशिवली, की दाखवू. पण मी हात सैल सोडला. पाय सोडले. मान सोडली. आयुष्यात पहिल्यांदा मी पडून राहिलो, उचलतील तसं उचलू दे, बांधतील तसं बांधू दे. आणि मला कळलं की त्या दिवशी पण असंच झालं होतं. मी काही केलं नाही, तेव्हाच सगळं झालं. जोपर्यंत मी रेटा देत होतो तोपर्यंत देवाला माझ्यात हात घालायला जागाच नव्हती. एवढं कळायला मला अर्धं मरावं लागलं, दुसऱ्यांना उपदेशात कळतं.

संघमित्राची गाठ परत सुटली.

उंबऱ्यावरून आवाज आला, "असं नाही. उलट घेतलंस. डावं टोक उजव्यावर."

संघमित्रा बोलली, "मग दाखव ना."

मी मान वळवली नाही, पेशंट वळवत नाहीत. मग जमिनीवर पावलं वाजली, आणि एस्तेर माझ्याजवळ गुडघ्यावर बसली. वर मला तिचं तोंड दिसलं. पाठ नाही, तोंड. डोळे भरलेले, ओठ घट्ट, आणि बोटं सवयीने टोकावर टोक घेत होती. तिने गाठ आवळली, सुटते का ते ओढून बघितली. मग तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघतात तशी, आणि ठेवूनच दिली. रांगेत कोणीतरी नाक ओढलं. मार्थाताईंनी शिट्टी तोंडात धरली होती आणि वाजवत नव्हत्या.

मला एवढं भरून आलं की वाटलं, आत्ताच साक्ष द्यावी, इथेच, सतरंजीवर पडल्या पडल्या. देवाचे आभार मानावेत, पोरीला सांगावं की तिच्यावर कसलाच राग नाही, सगळ्यांना काहीतरी चांगलं ऐकवावं. मी घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"पप्पा, पेशंट बोलत नाही," एस्तेर बोलली. "गप पडा."